श्रद्धांजली नंतर, आधी बेल्ट लावा

मुलांनो, तुम्ही आता चाळिशीला आलात. कुणी डॉक्टर झालात, कुणी कंत्राटदार, कुणी माझ्यासारखेच खडू हातात घेऊन उभे राहिलात. तरी मी तुम्हाला मुलांनोच म्हणणार. कारण आज जे बोलायचं आहे ते मी नववीच्या वर्गातच शिकवलं होतं आणि तुमच्या डोक्यात ते शिरलेलं दिसत नाही. तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि नीट ऐका.

४ सप्टेंबर २०२२, रविवार. उदवाड्याहून मुंबईला परतताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. ते गेले, वय अवघं ५४. दुसऱ्या दिवशी शिक्षक दिन होता. तुम्ही नेहमीसारखे घरी आलात, पाया पडलात आणि चहा संपेपर्यंत दुसरा विषय काढला नाहीत. एकाचं म्हणणं, एवढा मोठा माणूस असा जातोच कसा, यात काहीतरी काळंबेरं आहे. दुसऱ्याने टाटा समूहातल्या २०१६ सालच्या वादाशी धागा जोडला. तिसऱ्याला गाडी एक बाई चालवत होत्या एवढंच दिसलं आणि त्यावर तो हसला. त्याला मी तिथल्या तिथे गप्प केलं, तुम्हाला आठवत असेल. चौथ्याला चिंता मर्सिडीजची: एवढी महाग गाडी असून माणूस वाचत नाही, तर आपल्या गाडीचं काय? सगळे हळहळलात. मग उठलात, गाडीत बसलात, आणि मागच्या सीटवरच्या एकाही बहाद्दराने बेल्टला हात लावला नाही.

मी काच वाजवून तुम्हाला बेल्ट लावायला लावले. तुम्ही लावलेत ते बाईंचं मन राखायला. कोपऱ्यावरून वळेपर्यंत तरी ते टिकले असतील का, याची मला शंकाच आहे.

परवा तुमच्यातलाच एकजण भाच्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. मागे बायको, आई, आणि आईच्या मांडीवर दीड वर्षाची मुलगी. बेल्ट का नाही, विचारलं, तर म्हणाला, 'बाई, मागे बकलच नाहीत.' मी सीटवर हात फिरवला. कव्हरखाली टणक गोळे हाताला लागले. हौसेने नवीन सीटकव्हर बसवली होती, कडेने नक्षीची शिवण, आणि तिन्ही बकल त्याच्या खाली गाडलेली. गाडी घेऊन दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत या शहाण्याला ती बकल एकदाही शोधावीशी वाटली नव्हती. आणि हाच तो, ज्याने मिस्त्री गेले त्या दिवशी काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती.

तुमचं दुःख खोटं होतं असं मी म्हणत नाही. कधी न भेटलेल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी येतं, त्यात कमीपणा काही नाही. उलट ते माणुसकीचंच लक्षण आहे. माझा राग आहे तो त्या दुःखाचं तुम्ही पुढे काय केलंत याच्यावर. तुम्ही त्याच्या गप्पा केल्यात. अख्खा आठवडा चघळल्यात आणि विषय जुना झाल्यावर टाकून दिल्यात.

हे पहिल्यांदा झालं असतं तर मी एवढी तापले नसते. ३ जून २०१४ची सकाळ आठवा. गोपीनाथ मुंडे केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता. पहाटेच दिल्लीच्या घरून विमानतळाकडे निघाले आणि चौकात दुसरी गाडी येऊन धडकली. ते मागे बसले होते, बेल्ट लावलेला नव्हता. बाहेरून फारशी जखम दिसत नव्हती, मार लागला होता आत, मानेला आणि यकृताला. बीड जिल्ह्यातल्या माणसांचा तो शोक मी विसरणार नाही, गावोगावी चुली पेटल्या नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्काराच्या जागीच दगड भिरकावले गेले, आलेल्या नेत्यांना घेराव पडला, सीबीआय चौकशीच्या घोषणा झाल्या. चौकशी झाली. सीबीआयला तो अपघातच आढळला. तरी वर्षानुवर्षं घातपाताची कुजबुज थांबली नाही. त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन उघडपणे सांगत होते की मागचा बेल्ट लावला असता तर मुंडे वाचले असते. ते वाक्य ऐकून किती जणांनी आपल्या गाडीतला मागचा बेल्ट ओढून पाहिला? घोषणा देणारे घसा फोडून परत निघाले, ते जीपगाड्यांत दाटीवाटीने बसूनच.

परदेशात माणसं शहाणी असतात असंही समजू नका. ३१ ऑगस्ट १९९७ला पॅरिसच्या बोगद्यात राजकुमारी डायनाची गाडी खांबावर आदळली. लंडनच्या राजवाड्यासमोर फुलांचा खच पडला, सगळं जग रडलं, आणि मग जवळजवळ अकरा वर्षं तिला कुणी मारलं याची चर्चा चालली. ब्रिटिश पोलिसांनी स्वतंत्र तपास करून २००६ साली आठशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. गाडीतल्या चौघांपैकी एकानेही बेल्ट लावलेला नव्हता, हे त्यात आहे. एप्रिल २००८मध्ये ज्युरीने निकाल दिला, तेव्हा चालकाच्या आणि पाठलाग करणाऱ्यांच्या बेदरकारपणाबरोबर न लावलेल्या बेल्टचाही उल्लेख केला. फुलं वाहणारे लाखो होते. अहवालातलं हे वाक्य किती जणांनी वाचलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

आणि आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेलेली माणसं? १२ फेब्रुवारी २००१ला अभिनेत्री भक्ती बर्वे. २३ डिसेंबर २०१२ला अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे. १४ ऑगस्ट २०२२ला, म्हणजे मिस्त्रींच्या अगोदर तीनच आठवडे, राजकीय नेते विनायक मेटे. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी, सगळ्यांना एकाच मापाने मोजण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण आपण त्यांच्यामागे कसे वागलो, ते मात्र प्रत्येक वेळी सारखंच होतं. पहिल्या दिवशी धक्का, दुसऱ्या दिवशी आठवणी, तिसऱ्या दिवशी संशय, चौथ्या दिवशी सरकारला शिव्या, आणि पुढच्या शनिवारी त्याच रस्त्याने लोणावळा, ताशी १२०ने.

आता माझं खरं म्हणणं ऐका आणि लागलं तर लागू द्या. तुम्हाला कट हवा असतो. हवा असतो, कारण तो तुमच्या सोयीचा आहे. मोठा माणूस कटात गेला, तर त्याचे शत्रू मोठे होते, आपण सामान्य माणसं, आपल्याला कोण मारणार, असं म्हणून निर्धास्त झोपता येतं. पण तो जर दोन बोटं रुंदीचा एक पट्टा न लावल्याने गेला असेल, तर तो प्रश्न तुमच्या दारात येऊन उभा राहतो. मग उद्या सकाळी तुम्हाला स्वतःला काहीतरी करावं लागतं. बायकोला सांगावं लागतं, वडिलांशी हुज्जत घालावी लागते, शिवलेलं कव्हर उसवावं लागतं. ते नको, म्हणून तुम्ही खलनायक शोधता. कधी तो शत्रू असतो, कधी गाडी चालवणारी बाई, कधी गाडीची कंपनी, कधी नशीब. स्वतः सोडून कुणीही चालतं तुम्हाला.

सूर्या नदीच्या त्या पुलावर काय घडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. गाडीतल्या चौघांपैकी पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मिस्त्रींसह मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. गाडी चालवणाऱ्या डॉक्टरबाई स्वतः कित्येक आठवडे रुग्णालयात होत्या. त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला, तो न्यायालय पाहील. तुम्हाला तिथे न्यायाधीश म्हणून कुणी बोलावलेलं नाही. बायकांच्या गाडी चालवण्यावर विनोद करायला तर अजिबात नाही. मेलेल्यांची विटंबना आणि जिवंत माणसाच्या जखमेवर मीठ, एका विनोदात दोन्ही पापं होतात.

आता विज्ञान. नववीच्या परीक्षेत दोन गुणांचा एक प्रश्न ठरलेला असायचा: धावती बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का झुकतात? तुम्ही सगळ्यांनी खाली रेघ मारून उत्तर लिहिलंत: जडत्वामुळे. दोन्ही गुण घेतलेत. मग सांगा, ते जडत्व फक्त ड्रायव्हरलाच असतं का? मागच्या सीटवर बसलं की न्यूटनचा नियम लागू होत नाही, असं मी शिकवलं होतं?

गाडी बनवणाऱ्या कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार आदळण्यापूर्वी पाच सेकंद मिस्त्रींच्या गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर होता, आणि ब्रेक लावल्यावर आदळताना ८९. हिशोब करा. ताशी ८९ म्हणजे सेकंदाला जवळजवळ २५ मीटर. एवढा वेग अंगात यायला माणसाला दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडावं लागेल. 'बाई, आम्ही एवढ्या जोरात जात नाही,' म्हणाल. बरं, ताशी ५० घ्या. ते तिसऱ्या मजल्यावरून पडणं झालं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर तुम्ही पोराला बसवाल का?

बेल्ट नेमकं काय करतो तेही ऐका. गाडी आदळली की तिचा पुढचा भाग चेपतो आणि चेपता चेपता गाडी साधारण अर्ध्या मीटरमध्ये थांबते. ज्याने बेल्ट लावला आहे, तो सीटला बांधलेला असल्याने गाडीबरोबरच थांबतो. त्यालाही तेवढं अंतर मिळतं आणि मार खांद्याच्या, छातीच्या आणि कमरेच्या मजबूत हाडांवर वाटला जातो. ज्याने लावलेला नाही, तो मूळ वेगानेच पुढे जात राहतो. गाडी थांबून गेलेली असते आणि हा अजून सुटलेला असतो. मग समोरच्या सीटवर किंवा छतावर आपटून तो चार-पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. अंतर दहापट कमी, म्हणजे बल दहापट जास्त. डोकं आपटतं, मान मोडते, यकृत आणि प्लीहा आतल्या आत फाटतात. आणि जाताना तो पुढच्या सीटवर बेल्ट लावून बसलेल्यालाही मागून चिरडतो. म्हणजे 'माझा जीव, माझी मर्जी' हेही तुम्हाला म्हणता येत नाही.

आणि मांडीवरचं मूल. दहा किलोचं लेकरू, गाडी ताशी ५०ने, अर्ध्या मीटरमध्ये थांबली. त्या क्षणी ते लेकरू आजीच्या हातांना दोनशे किलोच्या ओझ्यासारखं ओढतं. दोनशे किलो! कितीही माया असो, ते हातात राहणार नाही. मायेच्या भरवशावर पोराला गाडीत बसवू नका. त्याच्यासाठी वेगळी सीट मिळते, ती विकत घ्या. लग्नात फटाक्यांना पैसे असतात तुमच्याकडे.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. 'मागे कशाला लागतो?' मुंडे मागे होते, मिस्त्री मागे होते, डायना मागे होती. 'गावातल्या गावात जायचंय.' मुंडे दिल्ली शहरातल्या शहरातच गेले. 'साडी चुरगळते.' चुरगळलेल्या साडीला इस्त्री मारता येते. 'ड्रायव्हरला वाटेल आपला त्याच्यावर विश्वास नाही.' समोरून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला तुम्ही ओळखता का? 'एअरबॅग आहेत की.' एअरबॅग बेल्टच्या जोडीला असते, बेल्टच्या बदल्यात नसते. आणि सगळ्यात संतापजनक ती शेवटची: 'वेळ आली की कोण थांबवणार?' हे म्हणणारेच घराला दोन कुलुपं लावतात आणि दर वर्षी विम्याचा हप्ता भरतात. तिथे वेळेवर विश्वास नसतो होय?

कायदा नाही असंही नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढे तोंड करून बसलेल्या मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा आहे. २०१९च्या दुरुस्तीपासून दंड हजार रुपये आहे. मिस्त्री गेल्यावर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींना हे पुन्हा सांगावं लागलं आणि १ नोव्हेंबर २०२२पासून मुंबई पोलिसांना नव्याने जाहीर करावं लागलं. मुंबईत आणि गावात नियम एकच आहे, फक्त पकडणारा सगळीकडे नसतो. आणि तुम्ही काय केलंत? बेल्ट लावला नाही की गाडी टिंगटिंग वाजते, म्हणून बकलमध्ये खोचायची ती धातूची क्लिप विकत घेतलीत. गाडी तुम्हाला जीव वाचवायला सांगते आहे आणि तुम्ही पैसे देऊन तिचं तोंड बंद करता! मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढायला लावल्या, तेव्हा अशा १३,११८ जाहिराती खाली उतरवल्या गेल्या. घेणारे होते म्हणूनच त्या होत्या.

रस्त्याचा दोष नाही असं मी म्हणत नाही. चारोटीच्या त्या पुलापाशी तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो. त्यावर बोललंच पाहिजे, भांडलंच पाहिजे. पण भांडायचं कसं? आपल्या तालुक्यात जिथे रस्ता असा अचानक अरुंद होतो, तिथले फोटो काढा, महामार्ग प्राधिकरणाला लेखी कळवा, पोच घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. हे कंटाळवाणं काम आहे, टाळ्या मिळत नाहीत, म्हणून ते कुणी करत नाही. सरकारला एका आठवड्यात दिलेल्या शिव्यांनी आजवर एकही कठडा सरकलेला नाही.

आणि नावाजलेल्यांचं दुःख तुम्हाला होतं, तर न नावाजलेल्यांचंही होऊ द्या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२चा अहवाल सांगतो: देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि या १६,७१५ पैकी ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. म्हणजे रोज बावीस-तेवीस. सूर्या नदीच्या पुलावर मिस्त्री गेले त्या दिवशीही सरासरीने तेवढेच गेले असणार. त्यांच्यासाठी कुणी काळी पट्टी लावली नाही. त्यांच्यात कुणाचा भाऊ होता, कुणाची सून होती, कुणाच्या वर्गातला हुशार मुलगा होता. मी चौतीस वर्षं शिकवलं. माझ्या हजेरीपटातली नावं मला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचायची नाहीत. हा माझा स्वार्थ समजा.

तर आता सांगते ते करा. घरी गेलात की मागची सीट उचला, कव्हर उसवा आणि तिन्ही बकल वर काढा. नक्षी बिघडली तर बिघडू द्या. ती धातूची क्लिप कचऱ्यात टाका. चालवायला बसलात की मागे वळून बघा. सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, मग मागे सासरे असोत, साहेब असोत की वराचा मामा. भाड्याची गाडी आली आणि मागे बेल्ट नसला, तर दुसरी मागवा. वडीलधारे चिडतील. चिडू देत. त्यांच्या चिडण्यापेक्षा त्यांचं असणं महत्त्वाचं.

कुणीतरी मोठा माणूस पुन्हा जाईल, तेव्हा हळहळ जरूर करा, त्याचं चांगलं आठवा. त्याच्या मरणाचे तर्क लढवू नका, जखमींची टिंगल करू नका, आणि त्या मरणाने जे शिकवलं ते त्याच संध्याकाळी आपल्या गाडीत करून दाखवा. माझ्या लेखी श्रद्धांजली तीच. आणि एवढंही जमणार नसेल, तर बाकीची श्रद्धांजली वाहण्याचा तुम्हाला काही अधिकार नाही.